मलाच का एवढा ताप, आणि यांना नुसत्या शिंका?

प्रश्न : डॉक्टर, गेल्या महिन्यात आमचं सगळं घर आजारी पडलं. आधी मुलगा (वय ८), मग सासूबाई (७१), मग मी (३९) आणि शेवटी माझे मिस्टर (४४). सासूबाईंना दम लागायला लागला म्हणून ॲडमिट करावं लागलं. तिथल्या तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. मुलगा तीन दिवसांत उड्या मारू लागला. मिस्टरांना एक दिवस शिंका आल्या, बस. मी मात्र आठवडाभर अंथरुणात. १०२ ताप, अंग ठेचून काढल्यासारखं, आणि तीन आठवडे झाले तरी खोकला आहेच. मी रोज पहाटे पळते, खाणंपिणं सांभाळते, कसलं व्यसन नाही. मिस्टर दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढतात आणि एक मजला चढायचा तरी लिफ्ट शोधतात. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं पळून काय मिळवलंस?" सासूबाईंना ॲडमिट करायच्या आधीच्या रात्री मीच त्यांच्या उशाशी होते, शिवाय ऑफिसचं काम अंगावर होतं, त्यामुळे दीड-दोनला झोपून पाचला उठणं चाललं होतं. माझी प्रतिकारशक्ती कमी आहे का? ती मोजायची टेस्ट असते का? ओळखीच्या एकांनी इम्युनिटीची पावडर आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या सुचवल्या आहेत, सुरू करू का? आणि पुन्हा पळायला कधी लागू?

उत्तर : पहिल्यांदा जाऊबाईंचं बघू, कारण पत्र वाचताना असं वाटलं की तापापेक्षा तो टोमणा जास्त लागला आहे. पळून तुम्ही बरंच काही मिळवलंत. हृदय, रक्तदाब, साखर, हाडं, झोपेची प्रत, मनाची उभारी. पण पळणाऱ्याला फ्लू होणार नाही किंवा हलकाच होईल, असं वचन व्यायामानं कधीच कोणाला दिलेलं नव्हतं.

२०२१ मध्ये ब्रिटनमध्ये झालेला एक प्रयोग तुम्हाला सांगतो. ३६ तरुण, धडधाकट स्वयंसेवक घेतले, सगळे तिशीच्या आतले. कोणाला आधी कोविड झालेला नव्हता, कोणी लस घेतलेली नव्हती. प्रत्येकाच्या नाकात कोविडच्या एकाच विषाणूची, एकाच मापाची, अगदी किंचित मात्रा सोडली आणि सगळ्यांना देखरेखीखाली वेगळं ठेवलं. शेवटी हिशेबात धरता आले असे ३४ जण उरले. त्यातल्या १८ जणांना संसर्ग झाला, १६ जणांना झालाच नाही. झालेल्यांपैकीही दोघांना काही जाणवलं नाही. वय सारखं, तब्येत सारखी, विषाणू सारखा, मात्रा सारखी, आणि तरी निम्मे इकडे, निम्मे तिकडे! हे वाचल्यापासून कोणा पेशंटला "तुमची इम्युनिटीच कमी" असं म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

मग फरक कशात होता? त्याच प्रयोगातल्या काही जणांच्या नाकातल्या आणि रक्तातल्या पेशी पुढे बारकाईनं तपासल्या गेल्या, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. ज्यांच्यात विषाणू जेमतेम दिसून नाहीसा झाला, त्यांच्या नाकात प्रतिकारपेशी सुरुवातीलाच जमा झाल्या होत्या. ज्यांना पुरता संसर्ग झाला, त्यांच्या नाकात हाच प्रतिसाद यायला साधारण पाच दिवस लागले. तोवर विषाणूनं आपला कारभार वाढवून घेतला होता. म्हणजे हातात ताकद किती, यापेक्षा ती कुठे आणि कधी जागी झाली याला महत्त्व आलं.

शरीराच्या पहिल्या प्रतिसादात इंटरफेरॉन नावाच्या प्रथिनांचा मोठा वाटा असतो, आणि ती काय करतात ते समजलं की तुमच्या अंगदुखीचाही उलगडा होईल. पेशीत विषाणू शिरला की ती पेशी ही प्रथिनं बाहेर सोडते. शेजारच्या पेशी त्यावरून सावध होतात आणि विषाणूची नक्कल काढून देणारी आपली यंत्रणा आवरती घेतात. हे सगळं काही तासांत घडतं. विषाणूला नेमकं ओळखणाऱ्या टी-पेशी आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडी) नव्यानं तयार व्हायला बहुधा आठवडाभर लागतो. तोवर किल्ला लढवायचा तो या पहिल्या फळीनं. आता गंमत बघा. हेपटायटिस सी वर नवी औषधं येण्याआधी इंटरफेरॉन इंजेक्शनमधून देत असत. ते घेतल्यावर पेशंटला काय व्हायचं? ताप, थंडी, अंग ठेचल्यासारखं दुखणं. फ्लूचा विषाणू नसताना, नुसत्या इंटरफेरॉननं! तेव्हा तुम्हाला आठवडाभर जे भोगावं लागलं, त्यातला मोठा भाग विषाणूनं केलेला नव्हता. तुमच्याच प्रतिकारयंत्रणेनं केलेल्या कामाचा तो त्रास होता. जिला तुम्ही "कमी" म्हणताय, ती चांगलीच कामाला लागली होती. उशिरा लागली असेल, एवढंच.

आणि जास्त म्हणजे चांगलं, हेही खरं नाही. २०२० मध्ये कोविडनं अत्यवस्थ झालेल्या ९८७ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १०१ जणांत स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. त्यातले ९५ पुरुष होते. हे लोक आजारी पडण्याआधी स्वतःला ठणठणीतच समजत असणार, आणि बहुतेक विषाणूंशी त्यांचं ठीक जमतही होतं. पहिली फळी निकामी झाली की विषाणू वाढतो, आणि मग मागून येणारी दाहाची लाट फुप्फुसंच भिजवून टाकते. अशा पेशंटना कोणत्या औषधानं वाचवलं? डेक्सामेथासोननं. हे स्टेरॉइड आहे, प्रतिकार दाबणारं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं कमी केले, आणि ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा काही फायदा दिसला नाही. त्याच आजारात एका टप्प्यावर प्रतिकार हवा असतो, दुसऱ्या टप्प्यावर तो आवरावा लागतो.

त्यामुळे मोजायच्या टेस्टबद्दल : प्रतिकारशक्ती म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नव्हे, की काठी बुडवून पातळी बघितली आणि कमी असेल तर पंप लावला. "इम्युनिटी प्रोफाइल" म्हणून जे मिळतं त्यात काही पेशींची मोजणी असते, काही प्रतिपिंडांची एकूण पातळी असते. खऱ्या प्रतिकारदोषाचा संशय असेल तर त्या तपासण्या फार मोलाच्या आहेत. तो संशय कधी घ्यायचा? वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, खोलवर गळवं होत राहिली, तोंडातली बुरशी जाता जाईना, साध्या संसर्गालाही वारंवार शिरेतून अँटिबायोटिक द्यावी लागली, किंवा घराण्यात असा दोष असला तर. वर्षातून एकदा फ्लूनं झोपणं यात बसत नाही. टेस्ट करू नका.

आता मिस्टरांकडे येऊ. त्यांना नुसत्या शिंका का? मला सगळ्यात शक्य वाटतं ते उत्तर त्यांच्या आजच्या राहणीत नाही, जुन्या आजारपणांत आहे.

१८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. पीटर पानम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला. जवळजवळ सगळी बेटं आजारी, लहान काय नि मोठी काय. पण काही म्हातारी माणसं ठणठणीत. चौकशी केली तर ही सगळी १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेली. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता, तरी शरीर तो विसरलं नव्हतं. त्यांचं वय उतारावर होतं, दात पडलेले असतील, राहणीमान तर विचारूच नका. आणि बाजूचा पंचविशीचा गडी मात्र आडवा.

गोवराचा विषाणू फारसा बदलत नाही, म्हणून ती ओळख जन्मभर पुरते. इन्फ्लुएन्झाचा सतत रूप पालटतो, म्हणून ओळख कधी पूर्ण जुळते, कधी अर्धवट, कधी नाहीच. तुमच्या मिस्टरांना तीन-चार वर्षांपूर्वी याच्याच जवळच्या भाऊबंदाचा फ्लू होऊन गेला असेल, कदाचित साधी सर्दी म्हणून त्यांनी तो अंगावर काढलाही असेल. इन्फ्लुएन्झाचा संसर्ग होऊन काहीच लक्षणं न दिसणं हेही बऱ्याच जणांच्या बाबतीत घडतं. तुमची भेट मात्र त्या भाऊबंदाशी झालेली नसावी.

लहानपणी पहिल्यांदा कोणता फ्लू भेटला, त्याचीही छाप आयुष्यभर राहते. १९६८ च्या आधी जन्मलेली माणसं आणि नंतर जन्मलेली माणसं पक्ष्यांकडून येणाऱ्या दोन वेगवेगळ्या फ्लूंना वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे २०१६ मध्ये दिसून आलं. १९६८ च्या आधीच्यांना एच५एन१ पासून बरंच संरक्षण होतं, नंतरच्यांना एच७एन९ पासून. कारण त्या सुमारास माणसांत फिरणाऱ्या फ्लूचा प्रकारच बदलला होता. २००९ च्या स्वाइन फ्लूत एरवी पहिले बळी ठरणारे वृद्ध तुलनेनं कमी सापडले, तेही याच कारणानं. त्यांच्या लहानपणी त्याचे नातेवाईक येऊन गेले होते.

जुनी ओळख नेहमी कामीच येते असंही नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि एका प्रकारानंतर दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर पहिल्या वेळची अर्धवट जुळणारी प्रतिपिंडं विषाणूला पेशीत शिरायला मदतच करू शकतात. म्हणून दुसरा डेंग्यू जास्त घातक ठरू शकतो. आणि गोवर तर प्रतिकारयंत्रणेची जुनी वहीच खोडून टाकतो. लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवरापूर्वी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा संग्रह ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेला दिसला. (गोवराची लस टाळणाऱ्या आईबापांना मी हा आकडा आवर्जून ऐकवतो.)

"मग अनुवंशिकतेचं काय?" असं तुम्ही विचाराल. तिचा वाटा आहेच. एड्सच्या विषाणूला पेशीत शिरायला लागणारा एक दरवाजा काही लोकांत जन्मतःच नसतो. त्याची दोन्ही जनुकं तशी असतील तर तो विषाणू त्यांना सहसा लागत नाही. पण अशी ठळक उदाहरणं थोडी. २०१५ मध्ये २१० जुळ्या व्यक्तींच्या प्रतिकारयंत्रणेची दोनशेहून जास्त मापं घेतली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश मापांवर जनुकांपेक्षा बाकीच्या गोष्टींचाच पगडा जास्त निघाला. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू बहुतेकांच्या शरीरात गुपचूप राहतो. तो एका जुळ्यात असला आणि दुसऱ्यात नसला, एवढ्यानंही बऱ्याच मापांत फरक पडत होता.

सासूबाईंचं कारण सरळ आहे : वय. छातीतली थायमस ग्रंथी, जिथे नव्या टी-पेशी तयार होतात, ती तारुण्यापासूनच आक्रसायला लागते. सत्तरीत नव्या विषाणूसाठी कोऱ्या पेशी थोड्याच उरतात, आणि अंगात बारीकसा दाह कायम धुमसत असतो. पहिला प्रतिसाद मंद आणि मागचा दाह जास्त, असं दुहेरी नुकसान. मुलगा दुसऱ्या टोकाला आहे. पाच ते चौदा हे वय बहुतेक संसर्ग हलके पेलणारं असतं. कांजिण्या, कावीळ ए हे आजार मोठेपणी झाले तर जास्त त्रास देतात, हे तुम्ही पाहिलं असेल. बाई-पुरुष असाही फरक आहे. बायकांचा प्रतिसाद सरासरीनं जोरकस असतो, लसीनंतर प्रतिपिंडंही जास्त तयार होतात, आणि त्याची किंमत म्हणून स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजारही बायकांतच जास्त.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत : दीड-दोनला झोपून पाचला उठणं. माझ्या दृष्टीनं सगळ्या पत्रातला हाच खरा पुरावा. २०१५ च्या एका अभ्यासात १६४ निरोगी माणसांची झोप आठवडाभर मनगटावरच्या यंत्रानं मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. पाच तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांवर झोपणाऱ्यांच्या सुमारे साडेचार पट निघाली. तो विषाणू फ्लूचा नव्हता हे खरं, पण फ्लूच्या लसीवरचा प्रयोगही त्याच दिशेला बोट दाखवतो. २००२ मध्ये काही तरुणांना लागोपाठ काही रात्री चारच तास झोपू दिलं आणि दरम्यान लस टोचली. दहा दिवसांनी त्यांची प्रतिपिंडं पुरेशी झोपलेल्यांच्या निम्म्याहून कमी होती. पुढच्या आठवड्यांत ती भरून आली, पण संसर्गात पहिले दहा दिवसच तर निकाली असतात. मनावरच्या ताणाचंही तसंच. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळजवळ चारशे लोकांवरच्या अभ्यासात ताण जसजसा जास्त तसतशी सर्दी होण्याची शक्यता चढत गेली. त्यात भर म्हणजे तुम्ही त्या रात्री आजारी माणसाच्या उशाशी, बंद खोलीत, त्यांच्या खोकल्यापासून हातभर अंतरावर. विषाणूची मात्रा जास्त मिळाली की आजार बळावतो हे प्राण्यांत स्पष्ट दिसतं. माणसांत ते इतकं थेट मोजता येत नाही, पण तुमच्या वाट्याला मात्रा मोठी आली असणार याबद्दल मला शंका नाही. आणि पहाटेचं पळणं तेव्हाही चालूच होतं का? असेल, तर तेवढा तास झोपायला हवं होतं. घरात सेवा करणाऱ्या बाईचीच झोप नेमकी सगळ्यात आधी कापली जाते, आणि मग तिलाच विचारलं जातं की तू कशी पडलीस आजारी. जाऊबाईंना हे सांगा. पुढच्या वेळी रात्रीच्या पाळ्या लावा, मिस्टरांसकट.

मिस्टरांना या वेळी सूट मिळाली, पण त्यांच्या सिगारेटला मी प्रशस्तिपत्र देत नाही. श्वासनलिकेतले बारीक केस, जे कफ आणि विषाणू बाहेर ढकलतात, ते धुरानं लुळे पडतात. धूम्रपान करणाऱ्यांना फ्लू होण्याची आणि तो बळावण्याची शक्यता एरवी जास्तच असते. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एक हजार लोकांच्या अभ्यासात तर असं दिसलं की टी-पेशींच्या प्रतिसादावरचा सिगारेटचा ठसा सोडल्यानंतरही कित्येक वर्षं टिकतो. आणि घरात नुकतीच फुप्फुसं सावरलेली ७१ वर्षांची आई आहे, हे त्यांना माझ्या नावानं सांगितलंत तरी चालेल.

पावडर घेऊ नका. तिनं प्रतिकार खरंच "वाढला" असता, तर तुम्हाला १०२ ऐवजी १०४ ताप आला असता. व्हिटॅमिन सी रोज घेतल्यानं सामान्य माणसाच्या सर्दीची संख्या कमी होत नाही, मोठ्यांत तिचा मुक्काम सुमारे ८ टक्क्यांनी घटतो, आणि सर्दी सुरू झाल्यावर घेतलं तर तेवढाही भरवसा नाही. कमतरता असेल तर गोष्ट निराळी. गोवर झालेल्या मुलांना व्हिटॅमिन ए देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि ती पक्क्या पुराव्यावर उभी आहे. तुमच्यात कमतरता असल्याचं पत्रावरून तरी वाटत नाही.

लसीचा उल्लेख पत्रात कुठेच नाही, त्यावरून कोणीच घेतली नसावी असं धरतो. फ्लूची लस दर वर्षी नव्या रूपाप्रमाणे बदलते, म्हणून दर वर्षी घ्यायची, साथीच्या हंगामाआधी, कारण परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात. सासूबाईंच्या वयात प्रतिसाद कमी मिळतो, पण इस्पितळाची वेळ टळण्याची शक्यता वाढते. म्हणूनच तुम्ही तिघांनीही घ्या, घरात विषाणू आणणारे तुम्हीच असणार. सासूबाईंसाठी न्यूमोकोकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जंतूवरच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा. पुढे कधी त्यांना साथीच्या दिवसांत ताप-खोकला आला तर दोन दिवस वाट बघू नका. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा सर्वात जास्त उपयोग होतो.

पळण्याचं असं करा. ताप जाऊन काही दिवस झाले असतील आणि जिना चढताना धाप लागत नसेल, तर आधी आठवडाभर नुसतं चाला, मग हळूहळू पळा. छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. विषाणूमुळे कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्यात जोराचा व्यायाम धोक्याचा असतो. अंगात ताप असताना पळायचं नाही, हे कायमचं.

राहिला खोकला. लोकांना वाटतं आठवड्यात जायला हवा, पण श्वसनमार्गाच्या अशा संसर्गानंतरचा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो आणि काहींचा आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. विषाणू केव्हाच गेलेला असतो, श्वासनलिकेचं अस्तर तेवढं चिडलेलं राहतं. त्यासाठी अँटिबायोटिक मागू नका. मात्र क्षयरोग आढळणाऱ्या भागात दोन आठवड्यांवरचा खोकला तपासून घ्यायचा असतो, आणि तुमचे तीन झालेत, तेव्हा तुम्ही तशा भागात राहत असाल तर या आठवड्यात थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे उरकून घ्या. पुन्हा ताप आला, थुंकीत रक्त दिसलं, धाप लागली किंवा वजन उतरायला लागलं, तर या आठवड्याचीही वाट बघू नका, त्याच दिवशी जा.